गृहमंत्र्यांना खुले पत्र : स्वयंपाकघराचा पंचनामा

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी इंग्रजीचा निवृत्त प्राध्यापक. एका अमेरिकन कथेपायी आपला वेळ घेतो आहे. नाशिकच्या पोलीस अकादमीत पंचनामा शिकवताना ती प्रशिक्षणार्थींना वाचायला द्यावी, एवढीच विनंती.

कथा सुझन ग्लास्पेल यांची, ‘अ ज्यूरी ऑफ हर पीअर्स’, १९१७ सालची. पूर्वी त्या अमेरिकेतल्या आयोवा राज्यात वार्ताहर होत्या. डिसेंबर १९०० मध्ये तिथे जॉन हॉसॅक या शेतकऱ्याचा झोपेत कुऱ्हाडीने खून झाला. शेजारीच झोपलेली बायको, मार्गारेट, म्हणाली की मी कुणाला पाहिले नाही. त्या खटल्याच्या बातम्या ग्लास्पेल यांनीच दिल्या. मार्गारेटला झालेली जन्मठेप वरच्या न्यायालयाने १९०२ साली रद्द केली, आणि फेरखटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही. ज्यूरीत सगळे पुरुष. बायकांना तिथे जागाच नव्हती.

कथेत कुऱ्हाडीऐवजी दोर आहे : नवरा झोपेत गळा आवळून मारलेला, बायको संशयावरून कोठडीत. शेरीफ, म्हणजे तिथला पोलीस प्रमुख, आणि सरकारी वकील खुनाचे कारण शोधायला वरच्या मजल्यावर आणि गोठ्याकडे हिंडतात. स्वयंपाकघराकडे मात्र एक नजर टाकून मोकळे. वकील हात पुसायला जातो तर टॉवेल कळकट. बाई गबाळी होती असा शेरा मारून तो भांडी पायाने ढकलतो. थंडीने मुरंब्याच्या बरण्या फुटतील, ही कोठडीतल्या बाईची काळजी ऐकून मंडळी हसतात.

सोबत आलेल्या दोन बायका तिथेच थांबतात. साखर अर्धीच भरून राहिलेली. टेबल अर्धेच पुसलेले. गोधडीचे सगळे तुकडे नेटके, एकाचेच टाके वेडेवाकडे. पिंजऱ्याचे दार उखडलेले. आणि शिवणाच्या टोपलीत, छानशा डबीत, रेशमी कापडात गुंडाळलेला कॅनरी पक्षी, मान पिरगळलेला. लग्नाआधी ही बाई गायची. नवरा गावाच्या लेखी भला : दारू नाही, देणी वेळेवर. पुरुष घरभर जे कारण शोधत होते, ते या टोपलीत होते.

इथे आपले अधिकारी हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. त्या दोघी तो पक्षी लपवतात. त्यातली एक शेरीफची बायको! हिचे लग्न कायद्याशीच झाले आहे, अशी थट्टा वकिलाने नुकतीच केलेली असते. त्यांनी केले ते बरोबर की चूक, यावर माझ्या वर्गात दरवर्षी भांडण व्हायचे. मला स्वतःला पुरावा दडपणे पटत नाही. पण दडपायला आधी तो दिसावा लागतो.

स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू, या बातम्या आपण दोघेही वर्षानुवर्षे वाचत आलो. अशा एका घरचा पंचनामा माझ्या पाहण्यात आला होता. स्वयंपाकघराबद्दल एकच ओळ : ‘स्टीलची जुनी वापरती भांडी, मोडका स्टोव्ह.’ कणीक भिजवून ठेवली होती का, ताटे किती मांडली होती, देवापुढचा दिवा लागला होता का, काही नाही. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडती-जप्तीचे चित्रीकरण करावे लागते, हे उत्तम झाले. पण कॅमेरा कणकेच्या परातीकडे वळवायचा, हे धरणाऱ्याला सुचायला हवे ना? आणि ते महिला शिपायांवर सोपवून पुरुष अधिकाऱ्यांनी ओसरीवर बसू नये. कथेतही नेमके तेच झाले होते.

मराठी अनुवाद मी करून ठेवला आहे, मोबदला नको. शेवटच्या वाक्यावर मात्र बराच अडलो होतो. वकील थट्टेने विचारतो, बाई ती गोधडी कशी पुरी करणार होती? उत्तर येते, गाठी मारून. मूळ इंग्रजीत त्या एका शब्दात गोधडीची गाठ आहे आणि दोराचीही. मराठीत लग्नाचीही आपोआप आली. हस्तलिखित कुठे पाठवू, तेवढे कळवावे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक