मिस्सेला जाते, म्हणून काळजी करू नका

ती. आई-बाबांस,
सप्रेम सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही "तू आता कॅथलिक होणार का?" एवढंच विचारलंत आणि मी काही बोलायच्या आत फोन आईकडे दिलात. असं फोनवर नीट बोलणं होत नाही, म्हणून लिहायला बसले. नाही, होणार नाही. माझा बाप्तिस्मा आणि दृढीकरण नगरला झालं, आणि माझं नाव आपल्याच प्रॉटेस्टंट मंडळीच्या पटावर राहील. पण मिस्सेला, म्हणजे इथल्या कॅथलिक चर्चमधल्या उपासनेला, जाणं मी थांबवणार नाही. ते का, हे तुम्हाला कळावं असं मनापासून वाटतं.

रात्रपाळी संपवून वसईत उतरते तेव्हा पहाटेच्या मिस्सेची घंटा होत असते. आपल्या पद्धतीच्या उपासनेला जायचं तर पुन्हा लोकल पकडून लांब जावं लागतं, आणि रात्रभर वॉर्डात उभं राहिल्यावर तेवढं त्राण उरत नाही. शेजारच्या आजी म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर," आणि मी गेले. वाचनं, गायन, प्रवचन, सगळं मराठीत.

प्रभूच्या प्रार्थनेपाशी मात्र फरक कळतो. 'वाईटापासून सोडव' म्हटलं की आपण त्याच दमात 'कारण राज्य, सामर्थ्य व गौरव' म्हणतो. इथे सगळे 'सोडव'वर थांबतात, फादर एकटे शांतीसाठी छोटी प्रार्थना म्हणतात आणि त्यानंतर लोक आपली ती ओळ म्हणतात. पूर्वीच्या लॅटिन मिस्सेत ही ओळ या जागी नव्हतीच. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर 1970 च्या सुमारास जो नवा विधी आला, त्यात ती आली. लहानपणापासून आपण म्हणत आलो ते शब्द शेजारच्या बाकावरून ऐकताना मला भरून येतं.

आजींना जुनी मिस्सा चांगली आठवते. फादर वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून लॅटिनमध्ये म्हणायचे. कानावर पडतं त्यातलं काही कळायचं नाही, म्हणून आजींची आई रोझरीची माळ ओढत बसायची आणि घंटी वाजली की मान खाली घालायची. डिसेंबर 1963 मध्ये परिषदेने लोकभाषेला वाट करून दिली. पुढच्या काही वर्षांत मिस्सा मराठीत आली आणि फादर लोकांकडे वळले. तेव्हा गावातली कितीतरी म्हातारी माणसं रडली होती, असं आजी सांगतात. आज त्याच मराठी मिस्सेतलं एखादं गीत बदललं तर आजींना दिवसभर चैन पडत नाही.

बाबा, हे ऐकताना तुम्हीच डोळ्यांपुढे येता. आपल्या चर्चमध्ये ड्रम आणि गिटार आल्यापासून तुम्ही मागच्या बाकावर बसता, हे आईने सांगितलं. पेटी, तबला, टाळांवर कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं ज्याने आयुष्यभर गायली, त्याला पडद्यावरची ती इंग्रजी कोरसांची भाषांतरं पोकळ वाटणारच. मलाही वाटतात. पण रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. अभंग-ओवीचा बाज आपल्या उपासनेत एवढा रुजला तो मुख्यतः त्यांच्यामुळे, म्हणजे तुमच्या आजोबांच्या काळात तोही नवाच होता. आणि बिशप? नगरच्या अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांना बिशप नव्हतेच. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यातून ते आपल्याकडे आले. आजोबांना ते शेवटपर्यंत रुचलं नाही. तुम्ही मात्र बिशपसाहेब येणार म्हटलं की आदल्या दिवशीच कोट इस्त्रीला देता.

आई, हे खास तुझ्यासाठी. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी संध्याकाळी, येशूने शिष्यांचे धुतले तसे फादर बारा जणांचे पाय धुतात. नियमाने ते बाराही पुरुषच असायचे. 2016 च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी स्त्रियांनाही त्यात घेण्याची मोकळीक दिली. यंदा त्या रांगेत एक कोळीणबाई बसल्या होत्या. टाचांना खोल भेगा, पायात जुनं जोडवं. फादर गुडघ्यांवर बसून तांब्या कलता करू लागले तशी त्यांनी पाय झटकन मागे घेतला. फादर थांबले. बाईंनी पदर तोंडाला लावला आणि मग स्वतःच पाय पुढे केला. तू असायला हवी होतीस. तरीही त्यांच्यात स्त्री धर्मगुरू होऊ शकत नाही आणि हे मला फार खुपतं. आपल्याकडे स्त्रिया पाळक होतात, दक्षिणेतल्या चर्च ऑफ साउथ इंडियात 2013 मध्ये एक बाई बिशपही झाल्या. या बाबतीत मी पक्की आपलीच आहे.

सगळ्यांत जड जातो तो ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर. अख्खा बाक उठून रांगेला लागतो आणि मी एकटी मागे राहते, कारण कॅथलिक नसलेल्याने तो घ्यायचा नाही असा त्यांचा नियम आहे. मी तो मोडत नाही. पाहुणं म्हणून गेलो तर त्या घरची रीत पाळायची, हे तुम्हीच शिकवलंत. पण तेवढ्या वेळात घसा दाटून येतो. ज्या शिकवणीवरून सोळाव्या शतकात एवढी फूट पडली, त्या, म्हणजे माणूस देवापुढे विश्वासाने नीतिमान ठरतो या शिकवणीवर लूथरन (मार्टिन लूथरच्या वाटेने जाणारे प्रॉटेस्टंट) आणि कॅथलिकांनी 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये एका सामायिक जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तरी प्रभूच्या मेजाभोवती आपण अजून एकत्र बसू शकत नाही. मी यासाठी रोज प्रार्थना करते. तुम्हीही करा.

बाबा, एक मागणं आहे. आपल्या गीतपुस्तकात शब्द आहेत, पण कितीतरी चाली फक्त तुमच्या पिढीच्या गळ्यात उरल्यात. कमिटीत त्या पोरांशी वाद घालू नका. शनिवारी त्यांना घरी बोलवा, पेटी काढा आणि एकेक चाल त्यांच्याकडून बसवून घ्या. गिटारवर धरली तरी धरू द्या. दादाला सांगून सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करून मला पाठवा. इथल्या गायकवृंदातल्या मुली मागताहेत.

थंडी सुरू झाली की दोघंही इकडे या. आजींना बाबांशी जुन्या चालींवर बोलायचंय. येताना बाबांच्या बीपीच्या गोळ्या आणि आई, तुझ्या गुडघ्याचा पट्टा आठवणीने घे. मिस्सेत उठबस फार असते.

तुमची लाडकी लेक