रविवारच्या बैठकीची आठवण

सर्व सदस्य भगिनींना,
येत्या रविवारी सकाळी ११ वाजता आपल्या प्रभागाच्या नगरसेविका आपल्या महिला गटाच्या बैठकीला येत आहेत. ताई स्वतः उद्योजक, त्यामुळे भाषण कमी आणि हिशेबाचं बोलणं जास्त होईल. ज्यांचं कर्जप्रकरण अडलंय त्यांनी बँकेची सगळी कागदपत्रं सोबत आणावीत. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊन बसू नका (मागे दोघींनी दिले होते!). महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. निवडणुकीचा विचार मनात असेल तर तोही मोकळेपणी मांडा. मात्र यजमानांना पाठवू नका, स्वतः या. हारतुरे नकोत, असा ताईंचा निरोप आहे.
– सचिव