अनुवादकांच्या दरांना राहणीखर्चाचा आधार हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अनुवादक आणि दुभाषी यांच्या मोबदल्याची चर्चा बहुतेक वेळा ‘शब्दाला किती’ किंवा ‘तासाला किती’ एवढ्यावरच थांबते. हा दर घेणारी व्यक्ती जिथे राहते तिथले घरभाडे, प्रवासखर्च, औषधपाणी आणि मुलांचे शिक्षण यांच्या शेजारी तो आकडा ठेवून पाहण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. मी याच व्यवसायात आहे. माझी आग्रहाची मागणी अशी की, हे दर स्थानिक राहणीखर्चाच्या निर्देशांकाशी जोडले जावेत आणि त्यांत दरवर्षी ठरलेल्या नियमाने बदल व्हावा, म्हणजे वाढीसाठी प्रत्येकाला एकेकट्याने विनवणी करावी लागणार नाही.

सर्वसाधारण मजकूर असेल तर अनुभवी अनुवादक दिवसाला साधारण २,००० ते २,५०० शब्दांचे काम जबाबदारीने करू शकतो, असे या व्यवसायात मानले जाते. या संख्येला दराने आणि वर्षाच्या दिवसांनी गुणून ‘उत्पन्न तर बरे आहे की’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. परंतु स्वतंत्रपणे काम करणाऱ्याचा प्रत्येक दिवस भरलेला नसतो. संदर्भ शोधणे, पत्रव्यवहार, देयके पाठवणे आणि थकलेल्या रकमेचा पाठपुरावा करणे यांत वेळ जातो आणि त्याचा मोबदला कुणी देत नाही. आजारपणाची रजा नाही, निवृत्तिवेतन नाही. विमा, संगणक आणि सॉफ्टवेअरची वर्गणी ज्याची त्याने भरायची. हे सगळे वजा केल्यावर जे उरते त्यातून घर चालते. आणि दर वर्षानुवर्षे तोच राहिला तर तेही आटत जाते. महागाई वर्षाला केवळ ५ टक्के धरली तरी दहा वर्षांत किमती सुमारे ६३ टक्क्यांनी वाढतात, म्हणजे न बदललेल्या १०० च्या दराची खरेदीची ताकद ६१ वर येते. कागदावर कुणी कपात केलेली नसते, पण कपात झालेली असते.

‘तुमच्याकडे राहणे स्वस्त आहे, मग एवढा दर कशाला?’ हा प्रश्न स्वस्त प्रदेशातील अनुवादकांना नेहमी ऐकावा लागतो. त्यात थोडे तथ्य आहे. एकाच रकमेत दोन ठिकाणी सारख्या वस्तू येत नाहीत, आणि देशोदेशींच्या उत्पन्नांची तुलना क्रयशक्तीच्या आधारे केली जाते ती याच कारणासाठी. पण अनुवादकाचे भाडे आणि भाजीपाला स्थानिक असला, तरी त्याचा संगणक, सॉफ्टवेअर आणि परदेशी प्रमाणपत्र परीक्षांचे शुल्क यांच्या किमती प्रदेश पाहून उतरतातच असे नाही. शिवाय हा युक्तिवाद सोयीनुसार फिरवला जातो. स्वस्त ठिकाणच्या माणसाला त्याच्या गावचा खर्च दाखवला जातो आणि महाग शहरातल्या माणसाला जागतिक बाजारातला सर्वांत कमी दर. राहणीखर्च हा निकष मानायचा असेल तर तो दोघांनाही लावावा लागेल. एकाचा दर त्यामुळे खाली येत असेल तर दुसऱ्याचा वर गेला पाहिजे.

हे अशक्य आहे असे कुणी म्हणू नये. संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्क, जिनिव्हा, व्हिएन्ना आणि नैरोबी येथील कार्यालयांत अनुवादक आणि दुभाषी कायम नोकरीत आहेत. त्यांच्या मूळ वेतनात त्या त्या ठिकाणच्या राहणीखर्चानुसार रक्कम मिळवली जाते. न्यूयॉर्क हे आधारशहर धरून आंतरराष्ट्रीय नागरी सेवा आयोग ही पद्धत चालवतो, आणि सारख्या श्रेणीच्या माणसाची क्रयशक्ती सगळीकडे सारखी राहावी हा तिचा हेतू आहे. परिषदांच्या दुभाष्यांची ‘एआयआयसी’ ही १९५३ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेली संघटना अल्पकालीन कामाच्या अटी अशा संस्थांशी सामुदायिक वाटाघाटींतून ठरवते. मात्र या व्यवसायातील मोठा वर्ग या दोन्ही छत्रांच्या बाहेर आहे. न्यायालय, रुग्णालय किंवा पोलीस ठाण्यात उभ्या असलेल्या दुभाष्याच्या पाठीशी अशी संघटना सहसा नसते.

दुभाष्याच्या तासाचा हिशेब मला अधिक महत्त्वाचा वाटतो. सुनावणी एक तासाची असली तरी तिथे पोहोचणे, प्रकरण पुकारले जाईपर्यंत थांबणे आणि परत येणे यांत अर्धा दिवस सहज जातो, आणि त्या अर्ध्या दिवसात दुसरे काम घेता येत नाही. आदल्या दिवशी कागदपत्रे वाचावी लागतात, वैद्यकीय किंवा तांत्रिक संज्ञांची तयारी करावी लागते, आणि सुनावणी ऐनवेळी पुढे ढकलली गेली तर बहुतेकदा हातात काहीच पडत नाही. वक्ता बोलत असतानाच करायच्या समक्षणिक भाषांतराला एवढी एकाग्रता लागते की दोन दुभाषी साधारण अर्ध्या तासाने आलटूनपालटून बोलतात. त्यातला गप्प बसलेला दुभाषी विश्रांती घेत नसतो, तो सहकाऱ्यासाठी आकडे आणि नावे टिपत असतो. केवळ बोललेल्या मिनिटांचे पैसे देणारा करार या कामाला समजूनच घेत नाही.

जर्मनीत न्यायालयीन दुभाष्यांचा मोबदला कायद्यात लिहिलेला आहे आणि त्यात आवश्यक प्रवासाचा व थांबण्याचा वेळही धरला जातो. हे अनुकरणीय आहे. तरीही तिथला दर २०१३ साली ठरल्यानंतर २०२१ मध्ये तासाला ८५ युरो होईपर्यंत सुमारे साडेसात वर्षे जागचा हलला नव्हता. कायदा असूनही आपोआप बदलण्याची तरतूद नसेल तर काय होते, हे यातून दिसते. इंग्लंड-वेल्समध्ये २०१२ साली न्यायालयांसाठी दुभाषी पुरवण्याचे काम एकाच कंत्राटदाराकडे सोपवण्यात आले आणि मोबदला उतरवला गेला. अनेक पात्र दुभाष्यांनी त्या दरात काम करण्यास नकार दिला, सुनावण्या लांबल्या, आणि संसदेच्या लोकलेखा समितीने या व्यवहारावर कडक टीका केली. खर्च वाचवण्याचा मुद्दा जे मांडतात त्यांनी लांबलेल्या सुनावणीचाही खर्च धरावा: न्यायाधीश, वकील, साक्षीदार आणि कधी कधी कोठडीत वाढलेला मुक्काम.

ज्याला न्यायालयाची भाषा कळत नाही त्या आरोपीला विनामूल्य दुभाषी मिळण्याचा हक्क नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम १४ ने दिला आहे. त्याच्यासाठी विनामूल्य याचा अर्थ शासनाने दुभाष्याला पुरेसे द्यायचे, असाच होतो. युनेस्कोने तर १९७६ साली नैरोबी येथे अनुवादकांच्या संरक्षणाविषयी शिफारस संमत करून त्यांचा कायदेशीर दर्जा कोणताही असला तरी त्यांना न्याय्य मोबदला मिळावा असे म्हटले होते.

यंत्रानुवादामुळे या मागणीला आता अर्थ उरला नाही, असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. यंत्राने केलेला मजकूर सुधारण्याचे काम पूर्ण अनुवादाच्या दराच्या एका अंशावर दिले जाते, पण वाईट कच्च्या मजकुरातून चूक शोधून ती निस्तरण्याला नव्याने लिहिण्याइतकाच वेळ लागू शकतो, आणि अर्थाची जबाबदारी शेवटी माणसावरच येते. ‘आयएसओ १७१००’ या अनुवादसेवांसाठीच्या २०१५ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अनुवाद झाल्यावर दुसऱ्या पात्र व्यक्तीने तो मुळाशी ताडून पाहणे बंधनकारक आहे. त्या मानकाचे नाव निविदेत लिहायचे आणि दर मात्र एका माणसालाही पुरणार नाही असा ठेवायचा, ही विसंगती खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांना दिसायला हवी.

म्हणून सार्वजनिक पैशातून भाषासेवा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने सर्वांत कमी बोलीवर काम देणे थांबवावे. मध्यस्थ एजन्सीला मिळालेल्या रकमेतील किती भाग प्रत्यक्ष अनुवादकाच्या किंवा दुभाष्याच्या हाती पडतो, हे करारात नमूद व्हावे. दुभाष्याला किमान अर्ध्या दिवसाच्या मोबदल्याची हमी मिळावी, ऐनवेळी रद्द झालेल्या कामाचे पैसे मिळावेत, आणि प्रसिद्ध होणाऱ्या स्थानिक ग्राहक किंमत निर्देशांकाप्रमाणे दर दरवर्षी बदलावा. यांपैकी शेवटच्या अटीसाठी नवा कायदा किंवा नवी समिती लागत नाही. पुढच्या निविदेच्या मसुद्यात एक कलम वाढवले की ती लागू होते.

आपली विश्वासू,
एक अनुवादक