ओल्या लाकडावर भिंत चढवू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत नोकरीतून निवृत्त झालेली आपली काही मंडळी मोठे घर विकून आरव्ही, म्हणजे चाकांवरचे घर, घेतात आणि वादळापुरात गेलेली घरे पुन्हा उभी करायला निघतात. आपल्या वाचकांपैकी कुणाचे काका-काकू, कुणाची बहीण त्यांत असेल. निघण्यापूर्वी काय ठाऊक असायला हवे, ते या कामात मुरलेल्या आम्हा दोघांना सांगावेसे वाटते.

हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही गरजूंसाठी घरे बांधणारी संस्था १९७६ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस गावी सुरू झाली. आरव्ही केअर-ए-व्हॅनर्स हा आरव्हीतून येणाऱ्या स्वयंसेवकांचा तिचा उपक्रम १९८८ पासूनचा. एका ठिकाणचे काम साधारण दोन आठवडे चालते आणि इंधनाचा खर्च ज्याचा त्याने करायचा असतो. २००६ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर लोणावळ्याजवळ शंभर घरे बांधायला आले होते, ते याच संस्थेतर्फे. त्यांच्या आई लिलियन कार्टर १९६६ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या संस्थेच्या स्वयंसेविका म्हणून विक्रोळीत काम करायला आल्या होत्या. वय झाले म्हणून कचरणाऱ्यांना आम्ही हे आवर्जून सांगतो.

आधी गाडी. मोठ्या आरव्हीला ५० अँपिअरची जोडणी लागते, तीत १२,००० वॉट मिळतात. ३० अँपिअरच्या जोडणीत ३,६०० वॉटच मिळतात. वादळग्रस्त गावात चर्चच्या वाहनतळावर गाडी लावली, तर अनेकदा १५ अँपिअरचा साधा प्लगच नशिबी येतो. छतावरचा एसी एकटाच १२ ते १५ अँपिअर ओढतो. त्यात लांब आणि बारीक वायर जोडली की व्होल्टेज १२० वरून १०५ च्या खाली उतरते, कॉम्प्रेसर तापतो आणि जळतो. म्हणून १० गेजपेक्षा (गेज म्हणजे तारेच्या जाडीचे माप) बारीक वायर बाळगू नये, आणि व्होल्टेज पडताच वीज तोडणारे संरक्षक यंत्र प्लगपाशी लावावे. पाण्याच्या नळीलाही दाब नियंत्रक हवा. ४५ ते ५० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) दाब पुरतो. त्याहून जास्त दाबाने गाडीतले सांधे सुटतात.

शौचालयाच्या टाकीची झडप नळी जोडलेली असली तरी बंदच ठेवावी. उघडी राहिली की पाणी वाहून जाते, घट्ट मळ मागे साचून दगडासारखा होतो. टाकी दोन तृतीयांश भरली की ती रिकामी करावी, आणि मग मोरीच्या पाण्याची टाकी सोडावी, म्हणजे नळीही धुऊन निघते. टायरची जाडी बघून फसू नये. बाजूवर छापलेल्या डॉट क्रमांकातले शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. सहा-सात वर्षे झाली की नक्षी शाबूत असली तरी टायर बदलावेत.

आता खरे काम. आपल्याकडे पूर ओसरला की विटांची भिंत धुऊन, वाळवून पुन्हा वापरात येते. अमेरिकेतली भिंत तशी नसते. दर १६ इंचांवर लाकडाचा उभा स्टड, त्यावर खोलीच्या बाजूने अर्ध्या इंचाची जिप्समची फळी, ज्याला ड्रायवॉल म्हणतात, आणि बाहेरच्या भिंतीत मधल्या पोकळीत काचतंतूचा कापूस. ही फळी टीपकागदासारखे पाणी वर ओढते. घरात दोन फूट पाणी चढले होते म्हणून दोन फुटांवर कापून भागत नाही. फळ्या चार फूट रुंद असतात आणि आडव्या लावलेल्या असतात, म्हणून खालची सबंध फळी, जमिनीपासून चार फुटांपर्यंत, काढून टाकतात. नवी बसवतानाही सांधा नेमका जुळतो. भिजलेला कापूस वाळवण्याच्या भानगडीत पडू नये, तो फेकायचाच. १९७८ पूर्वीच्या घराच्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे तिथे फोडाफोड करण्याआधी तपासणी झालेली असावी. एन-९५ मुखपट्टी आणि जाड तळाचे बूट नसतील, तर कुणाला आत पाठवू नये.

सगळा घोळ होतो तो यापुढच्या टप्प्यात. ओल्या जागी बुरशी २४ ते ४८ तासांत धरते. स्टड साबणाच्या पाण्याने तारेच्या ब्रशने घासायचे, सुटलेली धूळ हेपा, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या, गाळणीच्या व्हॅक्यूमने ओढायची. नुसते ब्लीच शिंपडून लाकूड पांढरे दिसते, पण त्यातले पाणी लाकडात मुरते आणि आतली बुरशी तशीच राहते. मग पंखे आणि हवेतला दमटपणा ओढणारी यंत्रे लावायची. ही यंत्रे चालू असताना खिडक्या बंद हव्यात, नाहीतर बाहेरची दमट हवाच सुकवत बसाल! दोन टोकांच्या ओलावामापकाने प्रत्येक खोलीत, स्टडच्या तळाशी आणि जमिनीवरच्या आडव्या फळीत मोजमाप घ्यायचे. आकडा १५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत भिंत झाकायची नाही. लुइझियानाच्या उन्हाळ्यात त्याला कित्येक आठवडे लागू शकतात.

इथे दोन आठवड्यांसाठी आलेल्या तुकडीचा धीर सुटतो. निघण्यापूर्वी एखादी खोली पुरी झालेली पाहावी, घरमालकिणीच्या चेहऱ्यावर समाधान दिसावे, असे वाटणे अगदी माणसासारखे आहे. पण १९ टक्के ओलाव्यावर चढवलेली भिंत काही महिन्यांत आतून काळी पडते आणि त्या कुटुंबाचे घर दुसऱ्यांदा फोडावे लागते. आम्हाला या कामातली सर्वांत मोठी चूक हीच वाटते, आणि ती चांगल्या मनाची माणसे करतात. उपाय साधा आहे. प्रत्येक स्टडवर पेन्सिलीने तारीख आणि टक्केवारी लिहून ठेवायची. पुढची तुकडी तिथून काम पुढे नेते. तोवर हात रिकामे राहत नाहीत. छप्पर आणि अंगण असतेच.

लाकूड वाळले की फळी जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवून लावायची, म्हणजे पुढे लादीवर पाणी सांडले तरी ती ते ओढणार नाही. सव्वा इंची स्क्रू दर १६ इंचांवर. स्क्रूचे डोके फळीवरच्या कागदात किंचित रुतावे, पण कागद फाटू नये. फाटला तर त्या स्क्रूची पकडच जाते. सांध्यांवर पट्टी आणि पुट्टीचे तीन थर, दोन थरांमध्ये निदान एक दिवस. भिजलेले वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच बदलावे. छपरावर जोरदार वाऱ्याच्या पट्ट्यात प्रत्येक शिंगलला, म्हणजे छपरावरच्या डांबरी पट्टीला, चाराऐवजी सहा खिळे, तेही आखलेल्या रेषेवरच. खिळा रेषेच्या वर गेला तर शिंगल वाऱ्याने उचलली जाते.

औषधोपचाराचे गणित निघण्याआधीच सोडवावे. मूळ मेडिकेअर, म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्यविमा, देशभर, तो घेणाऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे चालतो. खासगी कंपन्यांमार्फत मिळणारे मेडिकेअर ॲडव्हांटेज बहुधा आपल्या भागातल्या ठरावीक डॉक्टरांपुरते असते. परराज्यात तातडीच्या उपचारांपलीकडे त्याचा भरवसा नाही. नंतर बदलू म्हणावे, तर पार्ट बी, म्हणजे मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, सुरू झाल्यापासूनचे सहा महिने उलटल्यावर बहुतेक राज्यांत पूरक मेडिगॅप विमा प्रकृती पाहून नाकारता येतो. म्हणून हा निर्णय पासष्टीलाच घ्यावा. भारतात यातले काहीच चालत नाही असे धरून प्रवासाचा विमा वेगळा काढावा.

कारण भारतात अचानक जावे लागते. नव्वदीतली आई पुण्यात, मुले कॅलिफोर्नियात आणि आपण मिसिसिपीत, अशी ही तीन दूरदूरची घरे असतात. बांधकाम सकाळी लवकर सुरू होते, म्हणून पुण्याला फोन साडेसहाला करावा. तिथे तेव्हा उन्हाळ्यात संध्याकाळचे पाच, हिवाळ्यात सहा वाजलेले असतात. पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना व्हिसाविना भारतात येऊ देणारे) दुसऱ्या राज्यातल्या लॉकरमध्ये न ठेवता गाडीतच, आगीत टिकणाऱ्या पेटीत असावे. गाडी महिनाभर कुठे उभी राहील, हे यजमान शाखेला पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे. निघताना गॅस बंद, बॅटरीची जोडणी काढलेली, फ्रीज रिकामा आणि त्याचे दार किंचित उघडे. थंडीचे दिवस असतील तर नळांतले पाणी काढून गुलाबी अँटीफ्रीझ, म्हणजे न गोठणारा द्रव, भरावे, आणि किल्लीची एक प्रत तुकडीप्रमुखाकडे द्यावी.

आपले,
एक निवृत्त स्वयंसेवक दांपत्य