काळ्या पाण्याच्याही पलीकडून

कॅम्पबेल बे, ग्रेट निकोबार
रविवार, दुपार

ती. बाबा आणि आई यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, पार्सल पोचलं. कारळ्याच्या चटणीचा डबा शाबूत आहे, लाडवांचा चुरा झालाय पण तो मी चमच्याने खातेय. ज्वारीचं पीठ मात्र गेलं. पिशवी उघडली तर आत हिरवट गोळे आणि वर किडे. सव्वीस दिवस लागले त्याला यायला. इथे चपलेच्या पट्ट्यावर आठवड्यात बुरशी धरते, तिथे पीठ काय टिकणार? पुढच्या वेळी पीठ नको, ज्वारीच पाठव. दळायचं कसं ते मी बघते.

फोन रोज होतो तरी पत्र कशाला, असं बाबा म्हणतील. बाबा, तुम्ही कानातलं मशीन लावत नाही. मग फोनवर "जेवलीस का" आणि "डास आहेत का" यापलीकडे आपण जातच नाही. जे सांगायचंय ते ओरडून सांगितलं असतं तर आमच्या अख्ख्या लायनीला कळलं असतं. म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव. मधली एक गोष्ट तुझ्याबद्दल आहे, तीसुद्धा गाळू नकोस.

आधी गावाचं सांगते, कारण तुमच्या डोळ्यासमोर अजून अंदमान म्हणजे सेल्युलर जेलच असणार. ते राहिलं पोर्ट ब्लेअरला. (पाटीवर आता श्रीविजयपुरम झालंय, लोकांच्या तोंडी अजून पोर्ट ब्लेअरच.) तिथून पुढे समुद्रातून पाचशेहून जास्त किलोमीटर दक्षिणेला आले की हे बेट. मध्ये कार निकोबार, कामोर्टा करत जहाज येतं. मी बंकच्या तिकिटावर आले, दोन रात्री आडवी पडून, तोंडात आल्याचा तुकडा धरून. कन्याकुमारी इथून वरच्या अंगाला राहते. शाळेत मी "भारताचं दक्षिण टोक कन्याकुमारी" असं लिहिलं होतं आणि गुरुजींनी "मुख्य भूमीचं" असं लाल शाईने घुसडलं होतं, त्याचा अर्थ आत्ता कळला. खरं टोक याच बेटावर आहे, इंदिरा पॉइंट. तिथून सुमात्रा जवळ, पोर्ट ब्लेअर लांब.

बेट तसं लहान नाही, 900 चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या दीडपट. पण 2011 च्या जनगणनेत सगळ्या बेटावर मिळून साधारण 8,000 माणसं होती. बाकी सगळं रान. त्या रानात आत शोंपेन आदिवासी राहतात, दोनअडीचशे असतील. त्यांच्याकडे जायचं नाही, फोटो काढायचा नाही, तसा कायदाच आहे आणि बरंच आहे ते. किनाऱ्याचे निकोबारी लोक मात्र बाजारात दिसतात, आमच्या बँकेच्या शाखेतही येतात. सुनामीनंतर त्यांना त्यांच्या गावांवरून उठवून इथे कॅम्पबेल बेजवळ आणून वसवलंय. वीस वर्षं झाली तरी जुन्या गावाला परत जायचं म्हणतात.

गाव म्हणावं तर एक जेट्टी, उतारावरचा बाजार, शाळा, दवाखाना, मंदिर, मशीद, चर्च आणि गुरुद्वारा. नौदलाचा तळ आहे, आयएनएस बाज, 2012 पासून. बाबा, तुम्हाला बघायला आवडला असता, पण आत सोडत नाहीत. बोली सगळ्यांची हिंदी, पण अशी की वाक्य पंजाबीत सुरू होऊन तमिळमध्ये संपतं. सूर्य पाचला उगवतो आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत बुडतो. घड्याळ तुमचंच, आकाश वेगळं. पहिला महिनाभर मला चार वाजले की उगाच उदास वाटायचं. आता मीही साडेआठला झोपते.

आणि पाऊस. आपल्या माण तालुक्यात वर्षभरात जेवढा पडतो त्याच्या पाचसहापट. दोन्ही मोसमी वारे हजेरी लावतात. कपडे वाळत नाहीत म्हणून कुरकुरायला लागले की मला दहिवडीच्या रस्त्यावरचे टँकर आठवतात आणि मी गप्प बसते.

इथे सगळं जहाजावर चालतं. सकाळी भेटल्यावर "कसं काय" नाही विचारत, "शिप कधी?" असं विचारतात. शिप चार दिवस लांबलं की बाजारात आधी टोमॅटो जातो, मग बटाटा, मग कांदा. कांदा संपला की बायकांचा आवाज बदलतो. परवा एका घरात बाळंतीण अडली. हेलिकॉप्टरने पोर्ट ब्लेअरला न्यायचं ठरलं आणि ढग इतके खाली आले की उड्डाणच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी निघाली. सुखरूप आहेत दोघं. पण ती एक रात्र बाजारातल्या कुणी टीव्हीसुद्धा मोठ्याने लावला नाही.

आता मुख्य गोष्ट. बाबा, ही पंजाबी, मराठी, मल्याळी, तमिळ माणसं इथे आली कशी, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं.

1969 पासून सरकारने निवृत्त फौजींना कुटुंबासकट इथे आणून वसवलं. आधी पंजाबचे, मग महाराष्ट्र, केरळ, तमिळनाडू, उत्तर प्रदेश, आंध्र. 1980 पर्यंत सगळी मिळून तीनशेतीस एक घरं. रान तोडून जमिनी दिल्या, भातासाठी, नारळ-सुपारीसाठी, घरासाठी. पूर्व किनाऱ्याने ओळीने वस्त्या झाल्या, गोविंद नगर, जोगिंदर नगर, विजय नगर, लक्ष्मी नगर, गांधी नगर, शास्त्री नगर. रिकामं बेट सीमेवर नको, तिथे आपली माणसं हवीत, आणि ती बंदूक धरलेली असली तर उत्तम, असा तो विचार.

आपल्या घरात ही गोष्ट मी लहानपणापासून अर्धीच ऐकली आहे. तुम्ही पेन्शनीवर आलात, 72 चा दुष्काळ डोक्यातून गेला नव्हता, चार एकर कोरडवाहू, तीही भावाभावांत. आणि कुठूनतरी इथे येण्याचा तो फॉर्म आणलात. आजी म्हणाली, "काळ्या पाण्यावर जायला असा कोणता गुन्हा केलास रं?" आई काहीच बोलली नाही, आठ दिवस. मग फॉर्म ट्रंकेत गेला. आपल्याकडे कुणी चिडलं की "जा निकोबारला" म्हणतात, ते तिथूनच आलं. माझी बदली इथे झाली तेव्हा दादा तेच म्हणून हसला होता.

मागच्या महिन्यात पेन्शनीच्या दिवशी काउंटरवर एक म्हातारी आली. नऊवारी नाही, साधी पाचवारी, पण पदर डोक्यावरून असा घेतलेला की मी मराठीतच बोलले. "आजी, गाव कुठलं?" ती म्हणाली, "विजय नगर." "ते नाही, मूळ?" तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "खटाव," म्हणाली, म्हणजे आपल्या शेजारचाच तालुका. मग अंगठ्याची शाई पुसायची विसरूनच उभी राहिली.

आता मी दर रविवारी तिच्याकडे जाते. तिची मराठी खटावची आणि मध्येच हिंदी, "मग जंगल साफ केल्यावं मिट्टी लय भारी निघाली." नवरा शिपाई होता, 76 साली आले. पदरात दोन पोरं, तिसरं पोटात. मद्रासवरून जहाज. बोटीत सगळ्या बायका ओकत होत्या आणि भाषा एकीची दुसरीला येत नव्हती, पण एकमेकींची डोकी धरत होत्या, असं सांगते. पहिली वर्षं टिनाच्या छपरात. भात पेरला तर रानडुकरं, नारळ लावला तर माकडं. माकडांचा त्रास अजून आहे, लांब शेपटीची, फक्त निकोबारातली. कोवळा नारळ पिरगाळून तोडतात, घोटभर पितात आणि टाकतात. किनाऱ्यावरचा केवडा सुनामीत गेला, त्यांचं खाणं गेलं, म्हणून ती माणसांच्या बागेत घुसतात असं लोक म्हणतात. आजी त्यांना अस्सल खटाव शिव्या देते. माकडांना कळत असाव्यात, कारण ती खरंच पळतात.

बाग फळाला आली, पोरं शिकली, पक्कं घर झालं. मग 26 डिसेंबर 2004, रविवार. सकाळी ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. जमीन अशी हलली की उभं राहता येईना, ती कोंबड्यांच्या खुराड्याला धरून बसली. नंतर समुद्र मागे गेला. नवरा ओरडला, "वर पळा." टेकडीवरून तिने पाणी येताना बघितलं. त्याबद्दल ती एवढंच बोलते, "तीनदा आलं." शेजारच्या घरातलं कुणी वर पोचलं नाही. तीन दिवस रानात नारळावर काढले. खाली आले तेव्हा नुसतं घर नाही, जमीनच नव्हती. त्या भूकंपात बेटच खाली खचलं. इंदिरा पॉइंटला सव्वाचार मीटर. तिथला 1972 सालचा दीपस्तंभ, जो आधी जमिनीवर होता, तो आज पाण्यात उभा आहे. तिकडे जाणारा 51 किलोमीटरचा रस्ताही मध्येच समुद्राने खाल्ला. आजीची सुपारीची बाग आता खाडी झाली आहे, आणि तिथे मगर दिसते. कागदावर ती अजून तिच्या नावावर आहे.

काही वर्षं टिनाच्या शेडमध्ये काढल्यावर सरकारी घर मिळालं. नवरा तिथेच वारला. दाराच्या आत उजव्या हाताला एक खिळा आहे, त्याला कापडी पिशवी. पासबुक, रेशन कार्ड, टॉर्च, पाण्याची बाटली, नवऱ्याचं डिस्चार्ज बुक. पाणी दर रविवारी बदलते. मी गेल्या गेल्या आधी तेच काम असतं, मग चहा.

तिला मी आपली गोष्ट सांगितली. फॉर्म, आपली आजी, आईचे आठ दिवस. ती हातातला नारळ खोवायचं थांबली. "शहाणी तुजी आई," म्हणाली. परत खोवायला लागली. अर्धी वाटी झाल्यावर म्हणाली, "पर तिनं पाण्यासाठी लांबलांबनं हंडं वाहिलं असतील. म्या न्हाई वाहिलं कधी."

आई, तुझी मान दुखते ती कशाने, हे तुला मी सांगायला नको. टँकर आला की तू जेवण टाकून पळायचीस. मी त्या दिवशी रात्रभर दोन्हीकडची बेरीज-वजाबाकी करत बसले, बँकेतली सवय. जमेना. 2004 मध्ये मी पुण्यात कॉलेजात होते. तुम्ही इथे आला असतात तर रविवार म्हणून मी कदाचित घरीच असते, किनाऱ्यावर. किंवा टेकडीवर असते. किंवा मला तिच्या नातवासारखं "आपुन को मराठी थोडा थोडा आता है" म्हणावं लागलं असतं. बाबा, तुम्ही मनातून कधी आईवर ठपका ठेवलात का, हे मला विचारायचं आहे. आई, तुला नाही, त्यांना.

आता इथे आणखी एक फॉर्म फिरतोय म्हणा. गलाथिया खाडीवर मोठं बंदर, विमानतळ, वीज केंद्र, नवं शहर, सगळं मिळून 166 चौरस किलोमीटर. 2022 मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. त्यातली बरीचशी जागा रानाची आहे. त्याच खाडीच्या वाळूत लेदरबॅक कासवं अंडी घालतात. कोकणात वेळासला आपण पाहिली ती यांच्यापुढे पिल्लं, ही माणसापेक्षा लांब असतात. त्या खाडीचं अभयारण्य 2021 मध्ये रद्द केलं. बाजारात यावर दोन तट आहेत. पोरं म्हणतात, मोठा दवाखाना येईल, रोजचं विमान येईल, ढगांची वाट बघायला नको. त्या बाळंतिणीच्या रात्रीनंतर मी त्यांना वेडं म्हणू शकत नाही. तरी जी जमीन एका सकाळी चार मीटर खाली गेली तिथे शहर बांधायचं, हे मला पटत नाही. आजीला विचारलं तर म्हणाली, "मला एकदा आणलं, एकदा हलवलं. आता तिसऱ्यांदा न्हाई." माझ्या नोकरीत यावर बोलायचं नसतं, म्हणून हे तुमच्यापाशीच.

बाबा, एक काम करा. आजीच्या नवऱ्याच्या डिस्चार्ज बुकात इथल्या वसाहतीचा तो जुना कागद घडी करून ठेवलेला आहे, कडा समुद्राच्या पाण्याने तपकिरी झालेल्या. आपला फॉर्म ट्रंकेत असेल, खालच्या बाजूला, लग्नाच्या शालूखाली. शोधा आणि दादाला फोटो काढून पाठवायला सांगा. 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून इथे फोटो क्षणात येतो. पिठाला सव्वीस दिवस. मला फक्त बघायचंय की तुम्ही सही केली होती की नाही.

आणि मशीन लावा कानाला. पेटीत ठेवून ते बरं ऐकत नाही.

शुक्रवारी शिप आहे म्हणतात. पत्र त्यानेच निघेल.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, ज्वारीचं आजीला सांगितलं. तिच्याकडे दगडी जातं नाही, पण गुरुद्वाऱ्यात घरघंटी आहे, तिथले लोक दळून देतील म्हणाली. निरोप दिलाय की शाळू असावा, हायब्रीड पाठवलं तर माकडांना टाकीन.