‘४के सपोर्ट’ लिहिता, मग हर्ट्झही लिहा

संपादक महोदय, स. न. वि. वि.

सणासुदीला आपल्या अंकात लॅपटॉप-मॉनिटरच्या पानभर जाहिराती येतात. ‘४के सपोर्ट’ ठळक असते. पडदा सेकंदाला किती वेळा बदलणार, म्हणजे किती हर्ट्झ, हे मात्र कुठेच नसते. त्यापायी माझे तीन आठवडे गेले.

मी सांगलीत घरूनच पुस्तकांची अक्षरजुळणी करते. ‘द्ध’ की ‘ध्द’, अनुस्वार आहे की निसटला, हे जुन्या पडद्यावर डोळे ताणून पाहावे लागे. म्हणून साठवलेल्या पैशांतून २७ इंची ४के मॉनिटर घेतला. अक्षरे सुरेख दिसली. पण माउसचा बाण अडखळायचा, पान सरकवले की ओळी उड्या मारायच्या. दुकानदार म्हणाले, “ताई, केबल बदला.” दोन बदलल्या. मग म्हणाले, मॉनिटरच बदला. सेटिंगमध्ये ३० हर्ट्झ दिसत होते, ६० चा पर्यायच नव्हता.

४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळजवळ ८३ लाख ठिपके. प्रत्येकाच्या रंगाला २४ बिट (माहितीचे एकक), सेकंदाला ६० वेळा : सेकंदाला सुमारे १२ अब्ज बिट. मी मॉनिटर एचडीएमआय या नेहमीच्या जोडणीने लावला होता. माझ्या २०१८ च्या लॅपटॉपच्या प्रोसेसरला तिची १.४ ही आवृत्तीच जमते आणि त्यातून चित्रासाठी सेकंदाला जेमतेम ८ अब्ज बिट जातात. केबल कितीही महागडी आणा, गाडी तिसावरच थांबणार.

त्याच लॅपटॉपच्या टाइप-सी या छोट्या यूएसबी पोर्टमधून डिस्प्लेपोर्ट १.२ ही पडदा जोडायची दुसरी पद्धत मिळते, ती चार वाटांनी मिळून १७ अब्ज पेलते. (प्रत्येक टाइप-सीमधून चित्र निघतेच असे नाही, हेही विकताना कुणी सांगत नाही.) मी आधी हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारी डबी) लावला, त्याने त्या चारांतल्या दोन वाटा यूएसबीसाठी अडवल्या, पुन्हा ३०. अखेर भाच्याने टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल थेट जोडली, तेव्हा ६० मिळाले. मॉनिटर निर्दोष होता.

अॅपलच्या २०२० च्या एम१ चिपच्या लॅपटॉपला बाहेरचा एकच पडदा चालतो, ६के (४केहून जास्त ठिपके) पर्यंत, ६० हर्ट्झवर. मर्यादा आहेच, पण ती तपशिलात छापलेली आहे. घेणारा पाहून घेतो.

कोणत्या पोर्टमधून, किती हर्ट्झवर आणि किती पडदे, एवढी एक ओळ जाहिरातीत असावी, असा आग्रह आपल्या जाहिरात विभागाने धरावा, ही कळकळीची विनंती.

– एक अक्षरजुळणीकार, सांगली