चेंबूर कॅम्पातल्या दादींना

दादी, नमस्कार.

पत्र मराठीत आहे, तुमची नात वाचून दाखवेल. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "बस बस, चाय पियो" म्हणून विषयच संपवता, म्हणून इथे चारचौघांत लिहिते.

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्य शिकणाऱ्या मुलांना घेऊन लोकांच्या आठवणी लिहून घ्यायला तुमच्याकडे येण्याआधी बरीच दारं झिजवली होती. एका संस्थेतल्या साहेबांनी "सँपल केवढं?" विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत फोन कानाला लावला. तुमच्या गल्लीला तरी कुठे चांगला अनुभव होता? सर्व्हेवाले फॉर्म भरून घेऊन गेले ते गेलेच. तरीही तुम्ही आम्हाला घरात घेतलंत.

वर्गात मी १९५१चा निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार शिकवते. भारताने त्यावर सही केलेली नाही, हेही सांगते. मुलं ते परीक्षेत बिनचूक लिहितात. पण फाळणीच्या वेळी, लहानपणी कराचीहून बोटीने मुंबईत उतरलेली, तुमच्या या निर्वासितांच्या कॅम्पात लष्कराच्या बराकीत वाढलेली बाई समोर बसली की त्यांची प्रश्नावली अडखळते. अडखळायलाच हवी.

आमचा नियम असा, की लोकांकडून ऐकलेलं लिहून झालं की त्यांनाच वाचून दाखवायचं, नको ते त्यांनी खोडायचं. त्या दुपारी तुम्ही पापड लाटत ऐकत होतात. शेजारणीच्या फाळणीत हरवलेल्या भावाचा उल्लेख आला आणि लाटणं थांबलं. "ये मेरी बात नहीं है. उससे पूछा?" मुलगा गप्प. आता हाकलणार, असंच त्याला वाटलं. तुम्ही हाताचं पीठ झटकलंत, दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकून उठलात आणि त्याला घेऊन तिच्या दारात गेलात. ती नाही म्हणाली. ते पान आम्ही काढून टाकलं. परत आल्यावर तुम्ही त्याच्यापुढे भाजलेला पापड आणि पाणी ठेवलंत, रागाचा एक शब्द नाही.

संमतीपत्रावर मी वर्षानुवर्षं तास घेतेय. सही कुठे करायची, एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहतं. तो मुलगा मात्र आता फोटो काढण्याआधीही विचारतो. अशी माणसं या शहरात आहेत, ना पद ना ओळखपत्र, तरी दुसऱ्याचं दुःख परस्पर वाटून टाकत नाहीत. मोठमोठ्या परिषदांमध्ये मला ती क्वचितच भेटली.

अहवालाची हिंदी प्रत गणपतीनंतर आणते. पेन्सिल तयार ठेवा. नवी बॅच पाठवू का, तेही सांगा. नको म्हणालात तरी पापड न्यायला मी येणारच.

तुमची,
मुलांची बाई